शिवम्माचा तवा

सोमवार, १२ जुलै १९७६

आर्दं वरीस सरल्यावर ही डायरी घरात आली. माझा ल्योक जोतीराम हितं सोलापुरात कापडाच्या दुकानात कामाला हाय. मालकाकडं एक उरली हुती, ती त्यानं आनली. सुनंनं, विजयमालानं, ती माझ्या मांडीवर ठिवली आन् म्हनाली, "आत्या, लिवत जावा कायबाय. हाताला काम ऱ्हाईल."

म्हनलं, "मला कामं कमी हायती व्हय गं? तू भाकरी थापतीस, पर तिला नावं कोन ठिवतं?"

एरवी खुदकन हसती. आज हसली न्हाय. म्हनून लिवाया बसले. वैरागच्या बाजूला आमचं गाव, तितं चौथीपतूर शिकले मी. मास्तर म्हनायचा, सोनाबाईचं अक्षर सोनाबाईसारकंच, एका जागी बसत न्हाय.

तर झालं आसं. शनवारी दाढ ठनकत हुती म्हनून विजयमाला मला दवाखान्यात घिऊन गेली. डॉक्टरीनबाई पोरगी हाय, पर हात हलका. दाढ ऱ्हायली बाजूला, तिनं बॅटरी लावून गालाच्या आत बगितलं आन् गप झाली. बडबडी डॉक्टरीन गप झाली की समजावं, कायतरी हाय. मग म्हनाली, "मावशी, आत पांढरा चट्टा आहे. मशेरी लावता ना?"

"लावते की."

"कधीपासून?"

"दुधाचं दात पडल्यापासनं."

म्हनाली, आजपासनं बंद. बंद केली तर चट्टा जाईल बी. न्हाय केली तर तुकडा काढून तपासाया धाडावा लागंल. दिवाळीच्या आदी परत दाखवा. मग इचारलं, "शेजारी, मैत्रिणी, बरोबर आणखी कोण कोण लावतं? एकटीनं सोडणं फार अवघड जातं, म्हणून विचारते."

"कोन न्हाय," म्हनलं. "मी एकटीच."

विजयमाला दारात उभी हुती. तिनं माझ्याकडं बगितलं. मी पंख्याकडं बगितलं.

माझ्या आयच्या तोंडाला झालं हुतं. शेवटाला पेज बी एका अंगानं वतावी लागायची. त्येचं आज लिवत न्हाय.

मंगळवार, १३ जुलै

मी एकटीच म्हने! सकाळी नळाला पानी यायच्या आदी कळशा रांगेत बसत्यात आन् आमी चौघी कट्ट्यावर. डब्या उघडायच्या, बोटावर काळी मशेरी घ्यायची, दातावर घासत बसायचं. चाळीतलं कुनाचं काय शिजतंय ते समदं त्या टायमाला कळतं. तोंडात मशेरी आसली की बोलनं बी चवीचं हुतं.

कट्ट्याची मालकीन शिवम्मा. अक्कलकोटकडची. मराठी बोलता बोलता कानडीत शिरती, आन् नवऱ्यावर तापली की भाईर येतच न्हाय. तिचा मशेरीसाठी येगळा जुना तवा हाय, भाकरीचा नव्हं. दर शनवारी मागच्या अंगाला ती त्यावर तंबाखू काळी हुस्तवर भाजती. अख्खी चाळ खोकती. मग कुटून चौघींच्या डब्या भरती. बदल्यात कुनाकडनं काय घेत न्हाय, निस्त्या बातम्या.

दुसरी नरसम्मा. तेलुगू बोलनारी, घरी बिड्या वळती. बोलताना बी तिची बोटं वळतच आसत्यात. तिसरी वच्छला, आमच्यात ल्हान. नवरा मिलमदी. तिच्या पोटात गोष्ट ऱ्हात न्हाय.

आज शिवम्मानं इचारलं, "शनवारी दवाखान्यात का गेलती गं सोनाक्का? आपरेशनला न्हेलं का काय तुला?" सद्या सरकारचं नसबंदीचं खूळ चाललंय, दवाखाना म्हनलं की समद्यांस्नी त्येच आठवतं.

म्हनलं, "इधवेचं आपरेशन करून सरकार काय वाचिवनार गं? दाढ हुती."

समद्या हसल्या. मी बी हसले. सांगायचं तोंडावर आलं हुतं, पर गिळलं. आजपतूर हितं मी समद्यांची चेष्टा केली. शिवम्माच्या घोरन्याची, वच्छलाच्या चपलीची. ती मी आता म्हनू का, बायांनो, मला भ्या वाटतंय?

शुकरवार, १६ जुलै

युक्ती केली. विजयमालाला म्हनलं, राखुंडी कर. तिनं किराना दुकानातनं बदामाची टरफलं आनली, जाळली, त्यात मीठ, तुरटी, थोडी लवंग घालून कुटली. रंग अगदी मशेरीवानी काळा. पर केली किती! परात भरली.

"अगं, ह्यात चार बायका दात घासत्याल," म्हनलं.

"ऱ्हाऊ द्या की आत्या. लागंल."

पोरीला अंदाज म्हनून न्हाय. भातात बी हेच करती.

तर डबीत राखुंडी भरून कट्ट्यावर गेले आन् सगळ्यांच्या देखत घासली. कुनाला पत्ता न्हाय! मनात हसू मावंना. तेवढ्यात शिवम्मानं आपली डबी फुडं केली. "ह्या टायमाची बग, कडक झालीया."

नको म्हनलं आस्तं तर तिनं इचारलं आस्तं का म्हनून. चिमूटभर घेतली.

चिमूटभर कसली. दोनदा घेतली.

गुरवार, २२ जुलै

लिवाया लाज वाटती, पर डायरीशी काय खोटं बोलायचं. सकाळी राखुंडी लावते आन् दुपारी शिवम्माकडं जाऊन खरी लावते. न्हाय लावली तर पोट साफ हुत न्हाय, डोकं धरतं, आन् जोतीरामाचं चालनं बी कानात वाजतं.

आज विजयमालानं माझी डबी हुंगली. शिवम्माकडनं भरून आनल्याल्या मशेरीचा वास आला तशी म्हनाली, "आत्या, ही राखुंडी न्हवं."

लई बोलले तिला. तुज्या म्हायेरी सासूची डबी हुंगाया शिकिवलं का, म्हनलं. तिनं भांडी घासली, हात पुसलं आन् म्हनाली, "शिवम्मामावशीकडनं चाळन आनते." चाळन आमच्या घरात हाय, खुट्टीला टांगल्याली. पर मला बोलायचं न्हवतं, म्हनून म्हनलं जाऊ दे.

लई येळानं आली. चाळन न आनताच.

शनवार, २४ जुलै

आज खोकला न्हाय! शिवम्मानं तंबाखू भाजलीच न्हाय.

"तव्याला भोक पडलंय," म्हनाली.

"एवढा जाड तवा, त्याला भोक पडलं?"

"पडलं म्हनते न्हवं. माजा तवा, माजं भोक. सुम्ने, गप बस की."

"भाकरीच्या तव्यावर भाज."

"भाकरीच्या तव्यावर? माज्या सासूचा आत्मा तळमळंल." तिची सासू अक्कलकोटात खनखनीत हाय, पर आपन मदी बोलू न्हाय.

नरसम्माला म्हनलं, तू तर बिडीची तंबाखू मांडीवर घिऊन बसतीस, दे की चिमूटभर. तर म्हनली, कारखान्यात आता माल तोलून घेत्यात, जमायचं न्हाय. वच्छला म्हनाली तिची हिरडी सुजलीया. समद्यांवर एकदम संकट आलंय. मी आपली डबीतली राखुंडी घासत बसले. मनात म्हनलं, देवा, मी सोडायचा इचार केला आन् तू सगळ्यांची बंद केलीस. एवढं मागितलं न्हवतं मी.

बुधवार, २८ जुलै

श्रावन लागला. शिवम्मानं नवं खूळ काडलंय. रोज पाटं सिद्धेश्वराला चालत जायचं. नवस हाय म्हने. कसला, ते सांगत न्हाय.

"मग जा की," म्हनलं.

"एकटीला गुडगा साथ देत न्हाय. तू पायजेस."

"माजा खांदा गुडग्याला लावतीस व्हय?"

पर गेले. नरसम्मा आली, वच्छला बी आली. कट्टा सुना पडला. देवळात जायला तळ्यातनं वाट हाय, दोन्ही बाजूला पानी. तितं वारं लई ग्वाड लागलं. येईस्तवर नळ चालू झाल्याला, कळशांची मारामारी. दातावर कायबी लावायचं ध्यानातच आलं न्हाय.

मग आठवलं, आन् सकाळभर डोकं दुखलं.

मंगळवार, १० आगस्ट

चालनं चालू हाय. वच्छला पदराला जवस आन् बडीशेप भाजून बांधून आनती, वाटंनं समद्या चघळतो. शेळ्यांचा कळप निघालाय आसं म्हनलं मी.

शिवम्मा सद्या लई चिडकी झालीया. काल नवऱ्याच्या अंगावर तांब्या फेकला. डोक्याला फडकं बांधून फिरती. आज देवळाच्या पायरीवर बसली आन् हाताची बोटं दातावर आपसूक घासाया लागली, मशेरी नसताना. मी म्हनलं, "श्रावनाचा उपास सोसंना झालाय तुला, सोड की."

माझ्याकडं आसं बगितलं जसं काय मी तिची म्हस इकली.

मग वच्छला म्हनाली, "काकू, आमी समद्यांनी ठरिवलंय की—" आन् नरसम्मानं तिला आसा चिमटा काडला की पोरीच्या डोळ्यात पानी आलं.

मला समजलं. तिला दिवस गेल्याती. सांगत न्हाईत, दिष्ट लागू न्हाय म्हनून. मी बी दावलं न्हाय, पर तिला लोनच्याची फोड देनार हाय उद्यापासनं.

शुकरवार, २७ आगस्ट

श्रावन संपला. शिवम्माचा संपत न्हाय. "नवस गनपतीपतूर वाडला," म्हनाली. म्हनलं, देव काय हप्त्यानं वसूल करतो का?

मला चाललंय ते बरं वाटतंय, खोटं कशाला बोलू. पोट आपसूक साफ हुतंय. जेवनाला चव आलीया. शेंगाची चटनी परवा अशी लागली की जोतीरामानं इचारलं, आज केली कुनी? विजयमालाच करती रोज. माझी जीभच आता घरला आलीया.

वच्छलाचं पोट काय दिसंना. लोनचं मात्र संपलं.

रविवार, १९ सप्टेंबर

गावाला जाऊन आले. आयचं पित्तर हुतं भावाकडं. त्येचं लिवायचं हाय.

जेवनं झाली. पान पुजलं, कावळा लौकर शिवला. भावजय म्हनाली, आयला भूक लागली हुती. मग समद्या बाया सोप्यात टेकल्या. माझी धाकली भन, दोन भावजया, शेजारची म्हातारी. डब्या निघाल्या. मला कुनी इचारलं बी न्हाय, लावतीस का म्हनून. डबी फुडं आली, जशी पान्याची घागर येती. मी म्हनलं, मी सोडली. तर भन म्हनली, "आगं बया, सोलापूरला जाऊन ही डॉक्टरीन झाली!" समद्या हसल्या. म्हातारी म्हनाली, "तुजी आय तर मरस्तवर लावत हुती."

मी म्हनाया पायजे हुतं, त्यामुळंच मेली. न्हाय म्हनलं. बोट डबीत घातलं. पयल्यांदा तोंड पोळलं, मग आसं वाटलं की मी घरला आले. आयच्या पित्तराच्या दिवशी. तिच्या फोटोसमोर बसून.

येताना भावजयनं पुडी बांधून दिली. ती कनवटीला हाय. आता बी हाय.

मंगळवार, २१ सप्टेंबर

काल फिराया गेले न्हाय. अंग दुखतंय म्हनलं. समद्या गेल्यावर मागच्या अंगाला धुन्याच्या दगडावर बसले आन् पुडी सोडली.

बरं वाटलं का? न्हाय वाटलं. एकटीनं मशेरी लावायची म्हंजे एकटीनं फुगडी घालन्यासारकं. कुनाशी बोलायचं? भिंतीशी? गावाला ती चवीची लागली ती तंबाखूनं न्हवं, भनीच्या मांडीला मांडी लागली हुती म्हनून. आन् माजी हितली समदी मानसं तर तळ्यावर गेल्याली. मी हितं मोरीशी एकटी, थुकत.

आज पुडी मोरीत सोडली. पानी वतलं. मग पळतच निघाले, नाक्यावर त्यास्नी गाठलं. शिवम्मानं मागं वळून बगितलं आन् चाल हळू केली. तिचा गुडगा दुखत आसंल.

शुकरवार, ८ आक्टोबर

दवाखान्यात जायाचं जवळ आलंय. रोज आरशात गाल वडून बगते. ऊन आलं की चट्टा मोठा दिसतो, ढग आलं की ल्हान. विजयमाला म्हनती आरसा द्या हिकडं.

आज भ्या लई दाटलं. कशापाई हे समदं केलं, तुकडा तर काडनारच आस्त्याल, आसं मनात आलं. कट्ट्यावर शिवम्माची डबी पडली हुती, ती पानी भराया वाकली हुती. मी उचलली. उघडली. जुनी मशेरी उरली आसंल म्हनून चांगली मोठी चिमूट घेतली आन् दातावर लावली.

राखुंडी!

मीठ, तुरटी आन् लवंग. शिवम्मा बी लवंग घालती वाटतं.

डबी हुती तितं ठिवली. राखुंडी मशेरीच्या डबीत कोन घालतं? जिला लपवायचं आस्तं ती. मी जशी घातली तशी. म्हंजे हिच्या बी तोंडात चट्टा आलाय. आन् सांगत न्हाय कुनाला, भितीया. म्हनून ती चिडकी झाली, म्हनून नवस, म्हनून तो तांब्या.

बिचारी शिवम्मा. आन् मी तिच्या गुडग्याची नक्कल करून दावत हुते चाळीला.

सोमवार, ११ आक्टोबर

आज सांगितलं. तळ्याच्या पायरीवर बाकीच्या दोघी फुडं गेल्यावर तिचा हात धरला. म्हनलं, "शिवम्मा, मला समदं कळलंय."

तिचं तोंड पांढरं पडलं. "काय कळलं?"

"तुज्या डबीत काय हाय ते. भिऊ नको. ऐक, माझ्या बी गालात हाय. पांढरा चट्टा. जुलैपासनं हाय. मी बी राखुंडीच लावतीया, तुमा समद्यांना फशीवलं. तुला सांगितलं न्हाय, कारन..." मग दमानं बोलले. आयचं सांगितलं. पेज एका अंगानं वतायचं ते बी. जोतीरामाच्या बापाला बी हे कदी सांगितलं न्हवतं.

शिवम्माचं ओठ आसं हलत हुतं की रडती का हसती कळंना. मग पदरात तोंड घालून हुंदका दिला.

"शनवारी माझ्यासंगट दवाखान्यात चल," म्हनलं. "दोघी दाखवू. एकटीला भ्या वाटतं."

"हौदु," म्हनाली. "येते."

केवढं वझं घिऊन फिरत हुती बया. एकदाचं उतरलं.

शनवार, १६ आक्टोबर

विजयमाला, शिवम्मा आन् मी. वाटंनं शिवम्मा देवाचं नाव घेत हुती. मी तिला धीर दिला, डॉक्टरीनबाईचा हात हलका हाय म्हनून.

माजं तोंड आदी बगितलं. बॅटरी ह्या गालाला, त्या गालाला. मी डोळं मिटून घेतलं. आयची पेज दिसाया लागली. मग ती बोलाया लागली, आन् मला वाटलं देव बोलतोय. बोलतीया म्हंजे बरं हाय.

"निम्म्याहून जास्त गेलाय मावशी. उरलेला पण मऊ पडलाय. तुकडा काढायची आज गरज नाही. पण एक बोटसुद्धा लावायचं नाही, आणि उन्हाळ्यात परत यायचं."

मी म्हनलं, "आता हिचं बगा. हिच्यापाईच आलो आमी."

शिवम्मानं विजयमालाकडं बगितलं आन् तोंड आ केलं. डॉक्टरीनबाईनं लई येळ बगितलं. "ह्यांना काही नाही. तोंड स्वच्छ आहे. हिरड्या छान झाल्यात."

माज्या डोळ्याला पानी आलं. माझ्या चट्ट्यापेक्षा त्येचाच आनंद जास्ती झाला. मी शिवम्माला म्हनलं, "बग, किती भ्याली हुतीस!" ती म्हनाली, "व्हय गं, लई भ्याले हुते." आन् माजा हात आसा दाबला की बांगडी रुतली तिची.

निगताना डॉक्टरीनबाईनं इचारलं, "मावशी, मागे विचारलं होतं. बरोबर कोण आहे तुमच्या?"

"ही हाय," म्हनलं. "आजून दोघी हायत्या घरी."

डॉक्टरीनबाईनं हसून मान हलिवली, पर माझ्याकडं बगून न्हवं, विजयमालाकडं बगून. तिच्याशी काय बोलनं झालंय का हिचं, देव जाने. शिकल्याल्या पोरी एकमेकीकडं बगून कायबी समजत्यात.

बुधवार, १ डिसेंबर

थंडी. सिद्धेश्वराला जातोच. नवस कदी फिटनार इचारायचं सोडलं मी. वच्छलाला शेवटी तोंडावर इचारलं, बाळ कुटं गेलं? ती म्हनाली, कसलं बाळ काकू? नरसम्मा हसून हसून वळल्याली बिडी इसकटून बसली.

गुरवार, १३ जानेवारी १९७७

डिसेंबरची पानं संपली. पर डायरी जुलैत आली हुती, म्हनून सुरवातीची, जानेवारीपासनची पानं कोरीच. तितंच लिवते. वार जुळत न्हाईत, त्याला मी काय करू.

आज भोगी. तीळ पाखडायचं, आमच्या सुपाची कड उसवल्याली. शिवम्माकडं गेले. ती विजयमालाला घिऊन गड्ड्याच्या बाजाराला निघाली हुती. सिद्धेश्वराची जत्रा भरली की हिला घरात दम निघत न्हाय. "सूप मागच्या खोलीत, जवारीच्या डब्यामागं. घे जा," म्हनाली आन् गेली.

सूप वडलं तर मागनं खनकन कायतरी पडलं. तवा. मशेरीचा. गंजून लाल झाल्याला. एवढं भोक पडलं तर ठिवला कशाला, भंगारात घालायचा की, म्हनून दारात आनला. भोक कुटं हाय बगावं म्हनून उनाकडं धरला. फिरवला. बोटानं चाचपला.

भोक न्हाय. सुईच्या टोकाएवढं बी न्हाय.

त्येच्या वरनं शिवम्माची पंचवीस वर्सांची शनवारं गेली हुती, आन् त्याला साधी चीर बी पडली न्हवती. मी उंबऱ्यावर बसले, तवा मांडीवर घिऊन. खुट्टीला चाळन आसताना चाळन आनाया गेल्याली विजयमाला आठवली. परात भरून राखुंडी आठवली, चार बायकांना पुरंल एवढी. आन् ती लवंग. मग शिवम्माचं फडक्यानं बांधल्यालं डोकं आठवलं. माझ्यापेक्षा जास्ती वर्सं लावत हुती ती. तिच्या तोंडाला काय झालं न्हवतं. काय बी झालं न्हवतं. तरी आ करून बसली डॉक्टरीनबाईफुडं, माझ्यासाठी.

आन् मी म्हनत हुते, समद्यांना फशीवलं.

रडले का ते लिवत न्हाय. कुनी बगितलं न्हाय.

मग उठले. घरनं मोठा खिळा आन् वरवंटा आनला. तवा पायरीवर पालथा घातला, मधोमध खिळा धरला आन् हानला. वच्छला भाईर आली. "काकू, काय ठोकताय वो?"

"तिळाची वडी गं. लई टनक झाली."

जाड लोखंड, पर गंजून ठिसूळ झाल्यालं. जरा येळ लागला पर आरपार गेला. परत उनाकडं धरला. ह्या टायमाला ऊन आलं की, बरूबर माझ्या तळहातावर, कुकवाच्या टिकलीएवढं. जरा येळ तसंच धरून बसले. मग तवा हुता तितं ठिवला आन् सूप घिऊन घरला आले.

सांजच्याला शिवम्मा आली. "सूप घावलं का गं?"

"घावलं. तुजा तवा बी दिसला."

तिचा हात हुता तितंच ऱ्हायला. चुलीपाशी विजयमाला भाकरी उलटायची थांबली. करपल्याचा वास आला, पर कुनी हाललं न्हाय.

म्हनलं, "केवढं भोक पडलंय गं त्याला! मला वाटलं हुतं, बारकं आसंल."

शिवम्मानं विजयमालाकडं बगितलं. विजयमालानं शिवम्माकडं बगितलं. मी तीळ पाखडत ऱ्हायले.

"हौदु," शिवम्मा म्हनाली. "मोटं हाय. म्हनून तर भाजायचं सोडलं."

"बरं केलंस."

ती उठली ती सुपाचं इसरून घाईघाईनं घरला गेली. तवा बगायला, दुसरं काय. मी मागनं वरडले, "उद्या लौकर उठ गं! गड्ड्याची गर्दी आसती, आन् तुज्या गुडग्याला माजा खांदा लागतो!"